लेटी त्या सिनेमात होती

पेनीकोट गावात हेस्टर पुमफ्रीच्या हातचं न जेवलेला माणूस शोधावा लागेल. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभं आयुष्य काढलं. आता टक्कल पडलेले, पोट सुटलेले बाप्येसुद्धा एकेकाळी तिच्यापुढे ताटली धरून रांगेत उभे असायचे, आणि उकडलेला कोबी वाढताना ती म्हणायची, "खा मुकाट्यानं. सिनेमातल्या बाईची लेक वाढतेय तुला, राजवाड्यात तरी मिळतं का असं?" पोरं कोबी टाकून द्यायची, पण गोष्ट मात्र सगळ्यांच्या पोटात गेली. हेस्टरची आई, लेटी, टीव्हीच्या सिनेमात होती.

कुठल्या सिनेमात, असं विचारलं की मात्र गोंधळाला सुरुवात.

इंग्लंडातल्या मॉल्व्हर्नच्या टेकड्यांच्या या अंगाला दोन गोष्टी उदंड पिकल्या, नासपती आणि संगीतकार. नासपतीची निदान दारू तरी करता येते. संगीतकारांचे टीव्हीवाल्यांनी सिनेमे केले. पहिला आला काळा-पांढरा, अ‍ॅम्ब्रोज कॉल्डवेलसाहेबांवर. मग काही वर्षांनी रंगीत आला तो ह्यूबर्ट अ‍ॅशबीवर. तिसरा संगीतकार तर इथला नव्हताच, पण त्याच्या गावची टेकडी पुरेशी उंच दिसेना म्हणून त्यालाही इथंच आणून चढवला. तिघांनाही मिशा. एकाला कुत्रा होता, एकाला बायको होती, आणि एक लढाईवरून परत आला तो बोलेनासाच झाला. कुणाला काय होतं, हे गावात दोघांना विचाराल तर तीन उत्तरं मिळतील. पबच्या भिंतीवर हातात पेला घेतलेले कॉल्डवेलसाहेब म्हणून जो फोटो आहे, तो त्या नटाचा आहे. खुद्द कॉल्डवेल दारूला शिवत नसत. पण फोटो झकास आलाय, म्हणून कुणी काढत नाही. त्या पेल्याखाली बसून माणसं परक्या पाहुण्यांना सांगतात, "आमच्या आजोबांनी पाजली होती त्यांना." आजोबांनी पाजली असेलही, पण त्या नटाला.

हेस्टरचा सिनेमा पहिला, काळा-पांढरा. तो गावात काढला तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिला त्यातलं आठवतं ते एवढंच, की गल्लीत जाड काळ्या वायरी पडल्या होत्या आणि त्यांना पाय लावलास तर मरशील असं बापानं सांगितलं होतं. टीव्हीवर तो लागला तेव्हा तिला गोवर झालेला. टेकडीच्या आडोशामुळे गावात धड चित्र यायचं ते फक्त शाळामास्तरांच्या घरी. सगळं गाव तिथं लोटलं, लेटीही गेली, आणि बाप पोरीच्या उशाशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी लापशी ढवळता ढवळता आई म्हणाली, "चांगली दिसले हो मी." एवढंच म्हणाली. मग तो भयंकर बर्फाचा हिवाळा आला. नळ गोठले, चर्चच्या आवारातली माती कुदळीला दाद देईना, आणि त्यातच छातीत कफ भरून लेटी गेली.

मागं राहिला एक फोटो, लग्नातला. त्यात नेमके तिचे डोळे मिटलेले. हेस्टरनं तो इतक्या वेळा पाहिला की आई म्हटलं की तिला झोपलेली नवरीच दिसायची. बाप बोलका नव्हता. आई कशी होती हो बाबा, असं विचारलं तर म्हणायचा, "चांगली होती," आणि बूट पुसायला घ्यायचा. जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा बूट चकचकीत झाले. आई बोलायची कशी, हसायची कशी, घरातून फिरताना कशी दिसायची, यातलं काही म्हणता काही हेस्टरजवळ नव्हतं. होता तो सिनेमा, आणि तो काही कुणी परत दाखवेना. दुसरे दोन कितीदा लागले. हाच तेवढा टीव्हीवाल्यांच्या कुठल्याशा कोठारात पडून होता.

म्हणून जेव्हा डेस्मंड लिलीनं हॉलच्या दारावर कागद लावला, की तिन्ही संगीतकारांचे तिन्ही जुने सिनेमे लागोपाठच्या शुक्रवारी दुपारी दाखवणार, पहिला कॉल्डवेल, तेव्हा हेस्टर तो कागद वाचून घरी गेली, किटली चढवली आणि चहा करायचाच विसरली. डेस्मंड म्हणजे गावचा जुना पोस्टमन. निवृत्त झाल्यावर पत्रं वाटायची राहिली म्हणून आता सिनेमे वाटतो. कोठारवाल्यांच्या मागं लागून लागून त्यानंच तो मिळवला होता.

आता घोटाळा काय झाला तो ऐका. त्याच दारावर दुसरा एक कागद असतो, चहाच्या नंबराचा. कुठल्या शुक्रवारी चहा कुणी करायचा, हे सहा महिने आधी ठरतं. पहिल्या शुक्रवारी नंबर होता हेस्टर पुमफ्री आणि ग्वेंडा होल्टम यांचा. कुणाला म्हटलं असतं, की बाई, आज माझी आई येणार आहे पडद्यावर, तू घेतेस का माझा चहा, तर अर्धा हॉल उठला असता. पण तसं म्हणायचं म्हणजे लोकांना त्रास. हेस्टरनं हिशेब केला, की सिनेमा अर्धा झाल्यावर चहा. आपण आधी बसू, पाणी उकळायला ठेवून येऊ, सगळं साधेल.

पाणी काही उकळेना. हॉलचं ते मोठं चहाचं पिंप आधीच म्हातारं, त्यात कुणी तरी त्याचं झाकण उलटं लावलेलं. हेस्टर मिनिटामिनिटाला दारातून डोकावायची. पडद्यावर कॉल्डवेलसाहेब सायकलवरून जात होते. नटानं तोंड उघडायचं नाही, असा त्या वेळच्या टीव्हीवाल्यांचा नियम होता म्हणे; संगीतकाराचं सोंग आणलेलं खपवून घेणार, पण ते बोललेलं नाही. तेव्हा मागून एक धीरगंभीर आवाज सगळं सांगत होता आणि वाद्यं वाजत होती. साहेब नुसते सायकल चालवत होते.

"झालं का गं?" ग्वेंडानं आतून हाक मारली. "दूध ओतू का?"

"ओत. नको, थांब. ओत."

आणि नेमकी हेस्टर दोन्ही हातांनी उकळत्या पाण्याची किटली धरून उभी असताना बाहेर हॉलमध्ये गलका झाला. "लेटी! ती बघा लेटी! चादरी वाळत घालतेय! हेस्टर कुठाय? हेस्टर!"

किटली ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे कप मांडलेले. ती ठेवून, हात पुसून हेस्टर बाहेर येईपर्यंत चादरीही गेल्या होत्या आणि लेटीही. कॉल्डवेलसाहेब लंडनच्या आगगाडीत बसले होते. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"बघितलंस ना?"

"मागं नेऊ का, हेस्टर?" डेस्मंडनं विचारलं. त्याचं बोट कळीवरच होतं. "एका मिनिटाचं काम आहे."

आणि हेस्टर काय म्हणाली? साठ वर्षं ज्या मिनिटाची वाट पाहिली ते मिनिट कुणी ताटात वाढून देत होतं, आणि ती म्हणाली, "छे छे, कशाला उगाच सगळ्यांचा खोळंबा. आणि दूध ओतलंय आता, चहा गार होईल."

तिच्या गावच्या माणसांना तिचं काही चुकलं असं वाटलं नाही. चहा खरंच गार झाला असता.

सोमवारी ग्वेंडा धुतलेली फडकी द्यायला हेस्टरकडे आली. हेस्टरनं चुलीवर डॅमसनच्या जांभळ्या फळांचा जॅम लावला होता. घरभर त्या आंबटगोड वासाची वाफ.

"मी ठरवलंय," हेस्टर म्हणाली. "सगळा सिनेमा कशाला पाहिजे? डेस्मंडला सांगून तेवढ्या जागेचं चित्र काढून घेते. आई चादरी वाळत घालतेय ते. मोठं करून लावीन इथं, घड्याळाखाली."

ग्वेंडानं फडकी मांडीवर घेतली आणि पुन्हा घड्या घालायला लागली. त्यांना घड्या आधीच होत्या.

"घड्याळाखाली ओल येते तुझ्या," ती म्हणाली.

"मग दाराशेजारी लावते."

"दाराशी ऊन येतं. चित्र उडून जाईल."

"काळं-पांढरं चित्र उडून उडून किती उडणार गं? तुला काय खुपतंय?"

"मला काय खुपायचंय?" ग्वेंडानं जॅमच्या पातेल्याकडे पाहिलं. "ढवळ, लागेल तो."

"लागू दे. बोल तू."

"हेस्टर, ती आमची डोराआत्या आहे."

हेस्टरच्या हातातला डाव तसाच राहिला. "कोण?"

"चादरीवाली. माझ्या वडलांची बहीण. आमच्याच परसातली दोरी आहे ती, आमच्याच चादरी. एकीला तर ठिगळ आहे."

"अख्खं गाव म्हणतं लेटी!"

"अख्ख्या गावाला सांगितलं कुणी? तुझी आई म्हणाली मी आहे, बाकी बायकांची तोंडं ओळखू आली, ही एक वाऱ्यानं चादरीत गुंडाळलेली. लोकांनी घेतलं जुळवून. मग ती गेली. आमच्या आईनं घरात सगळ्यांना दम दिला, की पोरीसमोर डोराचं नाव काढाल तर जीभ उपटीन. आत्या स्वतः मरेपर्यंत बोलली नाही. म्हणायची, राहू दे गं, त्या पोरीला जास्त गरज आहे."

"इतकी वर्षं तुम्ही सगळे होल्टम गप्प बसलात?"

"आताही बसले असते! पण तू आमच्या आत्याला चौकटीत घालून रोज तिला आई म्हणणार म्हटल्यावर, बाई, मला राहवेना. तिला लग्नाचाही कंटाळा होता."

हेस्टरला हसू आलं आणि हसता हसता तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. जॅम लागला तो लागलाच.

त्यानंतर तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आई खोटं बोलली? सहा वर्षांच्या पोरीला खोटं सांगून तिला काय मिळायचं होतं? की आई म्हणालीच नव्हती, आणि गोवराच्या तापात आपणच ऐकलं? मग कोबी वाढताना वर्षानुवर्षं आपण काय सांगत बसलो? दुकानात विचारावं तर वाणीण म्हणाली, लेटी पुलावर टोपली घेऊन होती, हिरवी शाल पांघरून. काळ्या-पांढऱ्या सिनेमात हिरवी शाल कशी दिसली बाई? पुन्हा वाटे, वाणिणीच्या आईनं सिनेमा काढताना स्वतः पाहिलं असेल, तर हिरवी असूही शकते. चर्चमध्ये फुलं लावणारीनं सांगितलं, शिडीवर चढून नासपती काढणारी ती लेटी. तो सिनेमा रंगीत होता. तो निघाला तेव्हा लेटीला जाऊन दहा वर्षं झाली होती. जो तो छातीठोक सांगत होता, आणि जितकं ऐकावं तितकी आई पातळ होत चालली होती, जास्त पाणी पडलेल्या सारासारखी.

बुधवारी ती डेस्मंडकडे गेली. नुसतं म्हणायचं होतं, की डेस्मंड, मला ते परत दाखव. त्याच्या कुंपणाचं कौतुक करून झालं. पावसाबद्दल बोलून झालं. त्याच्या गुडघ्याची चौकशी झाली.

"काही काम होतं का गं?" डेस्मंडनं दोनदा विचारलं.

"छे, काम कसलं. इथून चालले होते."

तिच्या घरून त्याच्या घरावरून कुठंच जाता येत नाही, रस्ता तिथंच संपतो. डेस्मंडला ते माहीत होतं, आणि तोही सभ्य माणूस, तोही काही बोलला नाही. त्यानं बागेतला हातभर लांब भोपळा तिला दिला. हेस्टर खरोखरीच भोपळा घेऊन घरी आली.

दुसऱ्या शुक्रवारी अ‍ॅशबीचा नंबर. त्याच्यासाठी माणसं जास्त आली होती, कारण तो रंगीत आणि त्यात वेड वगैरे आहे. खिडक्यांचे पडदे ओढले. डेस्मंडनं घसा साफ केला आणि अ‍ॅशबीचा जन्म सांगायला घेतला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून हेस्टर उठली. बाहेर जायचं असेल म्हणून शेजारणीनं पाय आखडले. हेस्टर जागची हलली नाही.

"मला मागच्या शुक्रवारचा बघायचाय," ती म्हणाली.

कुणालाच काही समजेना. एकीनं खोकून घेतलं.

"आज अ‍ॅशबी आहे, हेस्टर," डेस्मंड हळूच म्हणाला.

"माहितीये. त्याला थांबव. तो मेलेलाच आहे, त्याला काही घाई नाही." ती खाली बसली नाही. "मागच्या वेळी मी चहात होते. मला माझी आई बघायचीय. ती त्यात नसेल, तर नाहीये हे बघायचंय."

त्या हॉलमध्ये आजवर कुणी उठून 'मला पाहिजे' असं म्हटलं नव्हतं. लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मग स्वयंपाकघराच्या दारातून ग्वेंडा बोलली, "दाखव रे डेस्मंड. आणि चहा मी बघते. आज कुणाचा का नंबर असेना."

कॉल्डवेलसाहेब पुन्हा सायकलवरून निघाले.

हेस्टर पुढच्या रांगेत जाऊन बसली होती. चादरी आल्या. वारा सुटलेला, चादर फुगली, बाईनं ती ओढून धरली आणि क्षणभर बाजूनं तिचा चेहरा दिसला. होल्टमांचं नाक कुठंही ओळखू येतं; ग्वेंडा तेच नाक घेऊन दारात उभी होती. डोराच होती ती. हॉलमध्ये या वेळी कुणी लेटीचं नाव घेतलं नाही. डेस्मंडनं विचारलंही नाही, मागं नेऊ का. पूल आला, पुलावर कुणीच नव्हतं. शिडी तर या सिनेमात नव्हतीच. हेस्टर ताठ बसली होती. म्हणजे नव्हतीच आई. झालं तर मग. बघायचं होतं, बघितलं.

साहेब आणि त्यांची बायको हातात हात घालून टेकडी चढायला लागले. वाद्यं वाजायला लागली. आणि मागच्या रांगेतून, झोपेतून उठल्यासारखा, एक खणखणीत आवाज आला.

"हां, ही आली बघ लेटी."

तो पर्सी ट्रँटर. ऐंशी कधीच ओलांडलेला जुना गुराखी. कानाचं यंत्र घरी विसरतो म्हणून बोलतो ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. मागच्या शुक्रवारी तो पहिल्या सायकलीलाच घोरायला लागला होता.

"पर्सी, ती साहेबांची बायको आहे," कुणी तरी म्हणालं. "लंडनची नटी. फार मोठी होती ती."

"काय?"

"नटी! लंडनची!"

"ओरडू नको, बहिरा नाही मी. जवळून दिसते ती नटी. ही लांबची लेटी." पर्सी काठीवर रेलून उठला. "त्या कुरणात आमचे पांढऱ्या तोंडाचे गोऱ्हे होते. नटीनं फाटकातून बघितलं आणि म्हणाली, मी नाही जायची. सगळे हात जोडून थकले. सिनेमा काढणारा तो टोपीवाला साहेब रडायचा बाकी राहिला. तिथं लेटी दूध घेऊन चालली होती. म्हणाली, द्या तो झगा इकडे. कुंपणामागं कपडे बदलले, टोपी घातली, आणि निघाली त्या नटाचा हात धरून. तोही गोऱ्ह्यांना घाबरत होता. हात धरलाय म्हणता? ओढत नेतेय ती त्याला! मी गोऱ्हे आवरायला बाहेर उभा. वाद्यं आता वाजतायत, तेव्हा नुसत्या लेटीच्या शिव्या ऐकू येत होत्या."

हॉलभर कुजबुज सुटली. डेस्मंडनं चित्र थांबवलं.

"पर्सीकाका," हेस्टर म्हणाली. तिला उभं राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. "हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुला माहीत नव्हतं, पोरी?" पर्सी खरोखरच चकित झाला. "मला वाटलं, तुझ्या आईनं सांगितलं असेल. टोपीवाल्यानं आम्हा दोघांकडून शब्द घेतला होता, नटीचं नाव जाईल म्हणून. मग मी कशाला बोलू?"

"आणि चादरीवालीला सगळे लेटी म्हणायचे, मी मान डोलवायची, तेव्हा?"

"मला वाटायचं, काय हुशार पोर, आईचा शब्द राखतेय."

आता विश्वास तरी कशावर ठेवायचा? पर्सीनं मागच्या वर्षी चर्चमधल्या घंटेची चोरी झाल्याचं सांगितलं होतं आणि घंटा जागेवर वाजत होती. डेस्मंडनं चित्र थोडं मागं नेलं. टेकडी, दोन पाठमोरी माणसं, रुंद टोपी, लांब झगा. ती बाई कुंपणाच्या पायरीवर चढली, झगा गुडघ्यापर्यंत उचलला.

"बूट!" चहाचं तबक घेऊन आलेली ग्वेंडा ओरडली. "बूट बघा तिचे!"

झग्याखाली गोठ्यात घालायचे रबरी बूट होते, चिखलानं माखलेले. जवळून दिसलेल्या नटीच्या पायांत बटणांचे नाजूक जोडे होते, ते सगळ्यांनी पाहिले होते. साठ वर्षांत कुणीच खाली पाहिलं नव्हतं. सगळे साहेबांच्या संगीताकडे लक्ष देत होते ना.

"पुढं," हेस्टर म्हणाली.

बाई पायरीवरून पलीकडे उतरली आणि चालू लागली. उजवा खांदा पुढं, जसं काही वाऱ्याला धक्का देऊन बाजूला सारायचंय. डावा हात कमरेमागं. पावलं आखूड, भराभर, आणि दर दोन-चार पावलांनी एक बारीकसा झोका. ती पुढं आणि साहेब मागं फरफटत.

मग एकेकाला हसू फुटायला लागलं, ओलंसं.

"अगं बाई," ग्वेंडा म्हणाली. "अगं बाई गं."

"काय?" हेस्टरनं वळून विचारलं. "काय झालं?"

"तूच आहेस की ती!"

"मी?"

"अशीच येतेस तू चहाचं तबक घेऊन! तो खांदा! बस सुटायला लागली की अशीच..."

"शाळेत मधल्या वाटेनं अशाच यायच्या तुम्ही," एक टकल्या म्हणाला. "लांबून दिसलात की आम्ही कोबी खिशात घालायचो."

सगळे एकदम बोलायला लागले. हॉलमधल्या एकूण एका माणसाला पटलं, शपथेवर सांगायला तयार. एकटी हेस्टर पडद्याकडे बघत होती आणि तिला काही म्हणता काही ओळखू येत नव्हतं. आपली चाल कुणी कधी पाहिलेली असते का? एक अनोळखी बाई टेकडी चढत होती. बाकीच्यांना तिची आई दिसत होती, आणि तिला लोकांच्या तोंडाकडे बघून मानून घ्यावं लागत होतं.

"परत," ती म्हणाली. डेस्मंडनं परत लावलं. "परत."

चौथ्या वेळी बाई टेकडीच्या माथ्यावर पोचली, आता वळणार, आणि हेस्टर घाईनं म्हणाली, "थांब, इथंच थांब! पुढं ती नटी वळते. तिचं तोंड नको मला. एकदा डोक्यात बसलं की जायचं नाही."

चित्र थांबलं. माथ्यावर ती टोपी, तो झगा, पाठ. कॉल्डवेलसाहेबांचा एक पाय हवेत. कुणी अ‍ॅशबीची आठवण काढली नाही. ग्वेंडानं चहा वाटला, तो सगळ्यांनी त्या पाठीकडे बघत प्यायला. पर्सी पुन्हा झोपला.

"हाच काढून देऊ का?" डेस्मंडनं कप उचलता उचलता विचारलं. "मोठा करून?"

"तोंड दिसत नाही रे त्यात."

"नाही दिसत."

"आणि ती माझी आई आहे, असं तुम्ही म्हणता."

"आम्ही म्हणतो."

हेस्टरनं जरा विचार केला. "आत्ता नको. मला कळत नाहीये काय ते."

बाहेर अजून लख्ख उजेड होता, पाऊस नुकता उघडला होता. हेस्टरनं कोट घातला, पिशवी घेतली आणि गल्लीनं वर घराकडे निघाली. पाठीमागं कुणाच्या पावलांचा आवाज येईना, म्हणून तिनं थोड्या अंतरावरून वळून पाहिलं. हॉलच्या दारात सगळं गाव खोळंबलं होतं. ग्वेंडाच्या हातात ओला कप, डेस्मंडच्या हातात किल्ल्या, घरी जायचं सोडून सगळे तिच्याकडे बघत उभे.

"काय बघताय?" ती ओरडली.

"काही नाही," ग्वेंडा म्हणाली. "जा तू. चाल."

हेस्टर वळली. पाऊल उचललं, आणि ते टाकायचं कसं हेच तिला समजेना. खांदा कुठला पुढं घ्यायचा, हात कुठं ठेवायचा. एवढ्या वर्षांत कधी विचार करावा लागला नव्हता. ती एका पायावर जरा डगमगली.

"अशी नाही गं!" मागून ग्वेंडानं ओरडून सांगितलं. "नेहमीसारखी!"